तू विचारलंच नाहीस

(आकाशवाणीवरून कथालेखनाविषयी झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कथालेखनाविषयी मी काही बोलावं असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी मुळात कवी. दोन लहानसे कवितासंग्रह माझ्या नावावर आहेत. कथा म्हणाल तर पंचवीस वर्षांत मोजून सात. सात कथा लिहिणाऱ्यानं कथेच्या तंत्रावर बोलणं म्हणजे दोनदा चहा केलेल्या माणसानं हॉटेल कसं चालवावं हे सांगण्यासारखं आहे. पण मग वाटलं, कथा कशी लिहावी हे मला सांगता येणार नाही. एक कथा कशी लिहू नये हे मात्र छातीठोकपणे सांगता येईल. कारण तशी कथा मी लिहिली आहे. ती छापून आली, लोकांना आवडलीही. तिचा हिशेब माझ्या मनात अजून पुरता मिटलेला नाही. आज तोच तुमच्यापुढे मांडतो.

मी सोलापूरचा. सोलापूरकरांना भाषांची गंमत वेगळी सांगावी लागत नाही. मराठी, कानडी, तेलुगू आणि आमची दखनी, अशा चार भाषा एकाच नळावर पाणी भरतात. आमच्या गल्लीत भांडण एका भाषेत सुरू व्हायचं आणि दुसऱ्याच भाषेत मिटायचं. घरात आम्ही दखनी बोलायचो. अब्बा गिरणीत कामाला होते. माझ्या शाळेचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी मला महापालिकेच्या मराठी शाळेत घातलं. इथं राहायचं तर इथली भाषा पोटातून यायला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढे मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, एका सहकारी बँकेत कॅशियर म्हणून लागलो आणि संध्याकाळी रोकड जुळली की कविता लिहू लागलो.

१९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी कॉलेजात होतो. मागच्या रांगेत बसून ऐकताना प्रथमच जाणवलं, की मराठीत लिहिणारा मुसलमान ही काही नवलाची वस्तू नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला त्याला साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली आहेत. आपण त्या रांगेत अगदी शेवटी उभे आहोत, पण रांग आपली आहे, असं वाटलं.

आता ज्यांच्यामुळे ही गोष्ट घडली त्या माझ्या फुप्पीबद्दल सांगतो. फुप्पी म्हणजे वडिलांची बहीण. ऐन बाविशीत तिला तलाक मिळाला आणि ती आमच्या घरी परत आली. माझा जन्म त्यानंतरचा. आई आजारी असायची, त्यामुळे मला वाढवलं ते फुप्पीनं. ती विड्या वळायची. रात्री पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पानावर पत्र्याचं माप ठेवून कैचीनं तेवढा तुकडा कापायचा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पानात तंबाखू पसरायची, विडी वळायची, तोंड दुमडायचं, दुसऱ्या टोकाला धागा बांधायचा. पंचवीस विड्यांची एक जुडी. दिवसाकाठी हजार विड्या झाल्या की ती पाठ टेकायची. माझी शाळेची वही, पुढे कॉलेजची फी, यातला बराच भाग त्या सुपातून आला आहे. आणि एवढं असूनही मी तिच्यावर कथा लिहायला बसलो, तेव्हा माझ्या कथेत सूप नव्हतं.

त्याचं असं झालं. १९९९ सालची गोष्ट. एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला. कविता तर आपण छापतोच, यंदा एखादी कथा द्या. तुमच्या समाजातली, स्त्रीच्या दुःखाची, तलाकवगैरे विषयावरची असली तर उत्तम. संपादक सज्जन होते. त्यांना खरोखरच त्या बायकांविषयी कळवळा होता. आणि मला तर दिवाळी अंकात कथा येणार याचाच आनंद. कच्चा माल घरातच होता. तीन रात्रींत मी कथा लिहून काढली.

कवीला कथा लिहिताना एक मोठा धोका असतो. कवितेत ‘मी’ बोलत असतो आणि त्याचं बोलणं छान वाटलं तर वाचक फार खोलात जात नाही. तो ‘मी’ काय कमावतो, कुठे राहतो, घरभाडं कोण देतं, असं कुणी विचारत नाही. कथेतल्या माणसाला पोट असतं. त्याला सकाळी उठून कुठे तरी जावं लागतं. हे मला तेव्हा समजत नव्हतं. मी कथेभर चंद्र, अंधार, उंबरठा आणि आसवं पसरून ठेवली. नवरा ओट्यावर उभा राहून तीनदा तो शब्द उच्चारतो, ती कोसळते, भावाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडते आणि म्हणते, “माझ्या नशिबी वनवास आला, भाईजान!” शेवटी एकटीच अंगणात बसून ती चंद्राकडे पाहते. कथा संपली.

अंक निघाला. तीसेक पोस्टकार्डं आली. एका बाईंनी लिहिलं, वाचून रात्रभर झोप नाही. तीनशे रुपये मानधनाची मनिऑर्डर आली. बँकेतल्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून अभिनंदन केलं. मी महिनाभर हवेत होतो.

त्याच महिन्यात फुप्पी स्वतः विड्या द्यायला कारखान्यात जात नव्हती. शेजारच्या मुलीच्या हाती माल पाठवायची. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण मला वाटलं गुडघे दुखत असतील. एक दिवस आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं. गल्लीतली एक सून मराठी शाळेत शिकलेली. तिच्या हाती तो अंक लागला आणि तिनं ओट्यावर बसून सगळ्या बायकांना ती कथा मोठ्यानं वाचून दाखवली. नाव मी बदललं होतं. पण गल्ली तीच ठेवली होती, कोपऱ्यावरचं कडुलिंबाचं झाड तेच, दर्ग्याकडे जाणारा बोळही तोच. बायकांनी एका मिनिटात ओळखलं. सदतीस वर्षांपूर्वी विझलेली गोष्ट पुन्हा पेटली. कारखान्यात माल मोजून घेताना बायका तिच्याकडे वळून बघायला लागल्या. कुणी टोमणा मारला असता तर फुप्पीनं चांगलं उत्तर दिलं असतं. पण सगळ्याजणी हळहळत होत्या. ती हळहळ तिला सोसवेना.

मी फुप्पीसमोर जाऊन उभा राहिलो. काय बोलावं ते सुचेना. तिनं कापलेली पानं बाजूला सारली आणि म्हणाली, “सब सुने. मेरेकू बी सुना.” सगळ्यांनी ऐकली, मलाही ऐकव.

फुप्पीला मराठी कळायची, बाजारात बोलताही यायची. पण छापील मराठी तिच्या कानाला सवयीची नव्हती. म्हणून मी अंक समोर धरून, वाचता वाचता मनात दखनी करत करत, तिला सांगू लागलो. श्रोतेहो, लेखक म्हणून मला जे काही शिक्षण मिळालं ते त्या पाऊण तासात मिळालं. कारण दोन-चार ओळींतच मी अडखळायला लागलो. “आसवांनी अंधाराचा तळ गाठला” हे दखनीत सांगणार कसं? ते सांगताच येईना. जरा पुढे गेल्यावर कळलं, की ते मराठीतही कुणी सांगत नाही. ते फक्त छापलं जातं. आणि “माझ्या नशिबी वनवास आला” या वाक्यापाशी तर मी थांबलोच. वनवास आम्हाला परका नाही. गल्लीतल्या तेलुगू मित्रांबरोबर रामाच्या गोष्टी ऐकतच मी मोठा झालो. पण माझी फुप्पी आयुष्यात कधी तसं म्हणाली नव्हती, म्हणाली नसती. तो शब्द तिचा नव्हता, माझ्या वाचनातला होता. मी तो तिच्या तोंडात घातला होता.

मी कशीबशी कथा संपवली. फुप्पी बराच वेळ गप्प होती. मग तिनं एवढंच विचारलं, “ये कोन है रे?” ही कोण आहे?

मी म्हणालो, फुप्पी, तूच.

ती म्हणाली, “मैं नै. उस दिन मैं नै रोई.”

मग तिनं सांगितलं. त्या दिवशी ती रडली नव्हती. अब्बांबरोबर टांग्यात बसून घरी आली आणि आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपली कैची तिकडेच राहिली. “मेरी कैंची वांच रै गई थी.” ती कैची तिनं स्वतःच्या विड्यांच्या पैशातून घेतली होती. दुसरी घ्यायला पैसे नव्हते आणि कैचीशिवाय दुसऱ्या दिवशी काम नव्हतं. भावाच्या घरी नुसतं बसून खायचं तिला नको होतं. त्या रात्री तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त कैची होती. तिनं अब्बांना परत पाठवलं. ते हात हलवत आले. तीन दिवसांनी सासूनं कुणाच्या तरी हाती कैची पाठवली. उशीर का झाला, तर सासूनं तिला धार लावून आणली होती. “धार लगाको दी,” फुप्पी म्हणाली. विडी वळायला तिला सासूनंच शिकवलं होतं.

मी सुन्न झालो. तीस वर्षं मी ज्या कैचीचा आवाज ऐकत झोपेतून उठत होतो, त्या कैचीची ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मी म्हणालो, फुप्पी, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

“तू पूछ्याच नै,” ती म्हणाली. तू विचारलंच नाहीस.

आणि मग थोडं थांबून, “नाम बदल्या, गल्ली कायकू नै बदल्या?”

या दोन प्रश्नांतून मी अजून बाहेर आलेलो नाही. लेखकाला कल्पनाशक्ती असते असं आपण म्हणतो. असतेच. पण माझ्या बाबतीत कल्पनाशक्तीनं काय केलं होतं? न विचारण्याची सोय केली होती. तलाक मिळालेली बाई म्हणजे रडणारच, हे मी आधीच ठरवून टाकलं. संपादकांनाही तेच अपेक्षित होतं, वाचकांनाही. आम्ही सगळ्यांनी मिळून एका बाईला रडवलं आणि तिची कैची काढून घेतली.

आता जरा भाषेविषयी. आमच्या दखनीला पुष्कळ लोक मोडकी उर्दू समजतात. आमचेच लोक तसं समजतात. उर्दू शिकलेले पाहुणे आले की आम्ही लाजून कमी बोलायचो. पण आमच्या सोलापूरपासून शंभरएक किलोमीटरवर असलेल्या विजापूरच्या आदिलशाहीत आणि तिकडे गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत ही काव्याची भाषा होती. १५९१ मध्ये हैदराबाद वसवणारा मुहम्मद कुली कुतुबशहा दखनीचा मोठा कवी होता. आणि या भाषेचं मराठीशी फार जवळचं नातं आहे. ठासून सांगताना आम्ही जो ‘च’ लावतो, वांच, मैंच, पूछ्याच, तो मराठीचाच. ‘नक्को’ हा तर मराठीचा ‘नको’, थोडा दाबून उच्चारलेला. हे मी बी.ए.ला वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण कथा लिहिताना त्याचा उपयोग करायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्यासारख्या लेखकापुढचा प्रश्न साधा आहे आणि कठीणही. माझी माणसं घरात दखनी बोलतात, मी त्यांच्याविषयी मराठीत लिहितो. मग त्यांच्या तोंडी काय घालायचं? सगळे संवाद दखनीत लिहिले तर वाचक दोन पानांत दमतो. शिवाय मराठी नाटक-सिनेमात मुसलमान पात्रानं मोडकं हिंदी बोलायचं आणि लोकांनी हसायचं, अशी एक जुनी सवय आहे. दखनी दिसली की काही वाचक तसंच हसायला तयार होतात. बरं, संवाद प्रमाण मराठीत लिहावेत, तर फुप्पी एखाद्या शिक्षिकेसारखी बोलायला लागते.

मी इतरांनी काय केलं ते वाचायला लागलो. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० साली आली. तिच्यात कौतिक वऱ्हाडी बोलते, आणि वऱ्हाड न पाहिलेल्या माझ्यासारख्या वाचकालाही ती परकी वाटत नाही. हमीद दलवाईंची आठवण आज समाजसुधारक म्हणून निघते, आणि ती योग्यच आहे. पण १९६१ साली त्यांचा ‘लाट’ हा कथासंग्रह आला आणि १९६५ साली ‘इंधन’ ही कादंबरी, हे विसरलं जातं. कोकणातल्या मुसलमान घरांत ते लेखक म्हणून आधी शिरले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि उर्दूचे मोठे कथाकार सआदत हसन मंटो. १९४१ च्या सुमारास ते दिल्लीला रेडिओत नोकरीला होते, तिथे त्यांनी पुष्कळ श्रुतिका लिहिल्या. मंटोंच्या कथांतली माणसं जे बोलतात ते कानाला खरं वाटतं. रेडिओच्या या नोकरीचा त्यात वाटा असावा, असं मला आपलं वाटतं. रेडिओवर वाक्य खोटं असलं तर ते लपवायला काही नसतं. ना चित्र, ना अक्षर. मी आत्ता इथे बसून बोलतो आहे, तेव्हा मलाही त्याची धास्ती आहेच.

यातून मला एक वाट सापडली. ती माझ्यापुरती आहे, सगळ्यांना लागू पडेल असं नाही. कैचीच्या प्रसंगाचंच उदाहरण देतो. फुप्पी भावाला म्हणाली होती, “कैंची वांच रै गई. वो ला. बाकी कुछ नक्को.” मी मराठीत लिहिलं, “कैची तिथंच राहिली. ती आण. बाकी काही नको.” बघा, जवळजवळ शब्दाला शब्द बसतो. ‘च’ जागेवर आहे, ‘नको’ जागेवर आहे, वाक्यं तेवढीच आखूड आहेत. वाचणाऱ्याला ते मराठी वाटतं, आणि माझ्या आईला वाचून दाखवलं तर ती म्हणते, हे तर फुप्पीच बोलतेय. वेगळी अलंकारिक भाषा बनवायची गरजच नव्हती. दोन भाषा शेजारी राहून राहून एकमेकींसारख्या झालेल्या होत्या, मलाच ते ऐकू येत नव्हतं. ‘कैची’ हा शब्दही तसाच ठेवला. कात्री लिहिलं असतं तर ती शिंप्याची झाली असती.

तर मग मी ती कथा पुन्हा लिहायला घेतली. पण या वेळी आधी फुप्पीला विचारलं. तिनं दोन अटी घातल्या. गल्ली बदल. आणि मी ज्या गोष्टी लिहू नको म्हणेन त्या लिहायच्या नाहीत. दर रविवारी मी तिच्याजवळ बसायचो. ती वळायची, मी विचारायचो. पुष्कळ गोष्टी तिनं सांगितल्या. त्यातल्या काही कथेसाठी अशा होत्या, की कुठल्याही लेखकाला हेवा वाटावा. पण त्यातल्या काहींवर ती म्हणाली, “ये नक्को लिख.” त्या मी लिहिल्या नाहीत. आज इथेही सांगणार नाही. सुरुवातीला याचं मला फार वाईट वाटायचं. हातातला सोन्याचा तुकडा परत ठेवल्यासारखं व्हायचं. हळूहळू समजलं, की तो तुकडा माझा नव्हताच. बँकेत दिवसभर माझ्या हातून लाखो रुपये जातात, त्यातली एक नोटही माझी नसते. हे मला कॅशियर म्हणून कळत होतं, लेखक म्हणून कळायला वेळ लागला.

लिहिण्याच्या वेळेविषयीही थोडं सांगतो, कारण नवीन लिहिणारे नेहमी विचारतात. कविता मी बसमध्ये केल्या आहेत, चलनाच्या पाठीवर केल्या आहेत. कथा तशी होत नाही. ती बसायला लावते. पहाटे फजरच्या अजाननंतर दोन तास, घर उठायच्या आत, एवढीच वेळ मला मिळायची. त्यात पाणी यायचा दिवस असला तर ती वेळही गेली. नऊ-दहा पानांच्या त्या कथेचे मी सहा खर्डे केले. सहा वर्षं लागली. चंद्र पहिल्याच खर्ड्यात गेला. तलाकचा प्रसंग चौथ्या खर्ड्यात गेला. पाचव्यात मला कळलं, की कथा एका दिवसाची आहे. घरी आल्यानंतरच्या दुसऱ्या दिवसाची. भिजवलेली पानं आहेत, तंबाखू आहे, धागा आहे, आणि कैची नाही. बाई दिवसभर काय करते? एवढीच कथा.

शेवटचा खर्डा फुप्पीला वाचून दाखवला. या वेळी मी कुठे अडखळलो नाही. तिनं एकदाच मला थांबवलं. मी एका ठिकाणी वीस विड्यांची जुडी लिहिली होती. “पच्चीस,” ती म्हणाली. मी दुरुस्ती केली. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “हौ.” आमच्यात होकाराला ‘हौ’ म्हणतात. मला तीस पोस्टकार्डांपेक्षा ते एक अक्षर मोठं वाटलं.

पुढचा भाग तितका आनंदाचा नाही, पण तोही सांगायला हवा. ही दुसरी कथा एका संपादकांनी परत केली. त्यांचं पत्र सभ्य होतं. तलाकचा प्रसंग दाखवला असता तर परिणाम वाढला असता, आणि मुस्लिम वातावरण कमी वाटतं, असं त्यांनी लिहिलं होतं. दुसरीकडे आमच्यातल्या एका जाणत्या गृहस्थांनी मला सुनावलं, घरातली गोष्ट चव्हाट्यावर का नेतोस, आधीच आपल्याकडे लोक कमी बोटं दाखवतात का? एकाला माझी माणसं पुरेशी मुसलमान वाटत नव्हती, दुसऱ्याला मी ती लोकांना दाखवू नये असं वाटत होतं. दोघांवरही मी रागावलो नाही. दोघांना फुप्पी एक बाई म्हणून दिसत नव्हती, एवढंच. आणि काही वर्षांपूर्वी ती मलाही दिसत नव्हती. शेवटी एका लहान त्रैमासिकात ती कथा आली. मानधन नव्हतं. तीन पत्रं आली. त्यातलं एक विड्या वळणाऱ्या एका बाईंच्या मुलानं लिहिलं होतं. त्यानं कथेविषयी काहीच लिहिलं नव्हतं, फक्त त्याच्या आईच्या कैचीविषयी दोन पानं लिहिली होती.

फुप्पी २०११ साली गेली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक रद्दबातल ठरवला, २०१९ साली त्यावर कायदा झाला. कोर्टाचा तो निकाल मला योग्यच वाटला. माझ्या घरात त्या शब्दानं काय होतं ते मी पाहिलं आहे. त्या दिवसांत मला एक फोन आला. तुमची १९९९ ची ती कथा आता पुन्हा छापूया, विषय ताजा आहे. मी म्हणालो, ती नको, दुसरी आहे ती घ्या. त्यांनी वाचली आणि कळवलं, यात तलाक कुठे आहे? मी म्हणालो, तलाक आदल्या दिवशी झाला आहे, ही दुसऱ्या दिवसाची कथा आहे. ते म्हणाले, मग राहू द्या. मी पण म्हणालो, राहू द्या. न्यायालयापुढे अन्याय मांडायचा तर अन्याय झाला तो क्षण सांगावाच लागतो. कथेला मात्र त्याच्या दुसऱ्या दिवशी काय झालं हेही विचारावं लागतं. बाईला जगायचं असतं ते दुसऱ्या दिवसापासून.

श्रोतेहो, तुम्ही म्हणाल, ज्या फुप्पीची गोष्ट सांगितल्यामुळे इतकं झालं, तिची गोष्ट आज रेडिओवर कशी सांगता? ते मी तिला विचारून ठेवलं होतं. “मेरे बाद बोल,” ती म्हणाली होती. तिचं नाव मी सांगितलेलं नाही आणि गल्लीही सांगितलेली नाही.

नव्यानं कथा लिहिणारी मुलं कधी कधी बँकेत माझ्या खिडकीपाशी येतात, वही पुढे करतात. मी त्यांना फार काही सांगत नाही. एवढंच विचारतो, यातला माणूस पोटासाठी काय करतो? तू ज्यांच्यावर हे लिहिलंस त्यांना विचारलंस का? आणि घरी जाऊन हे तुझ्या आईच्या बोलीत एकदा मोठ्यानं सांगून बघ. जिथे अडखळशील तिथे पेन्सिलीनं खूण कर. काही मुलं परत येत नाहीत. काही येतात, वहीत खुणाच खुणा असतात.

मी अजूनही तसंच करतो. आता समोर ऐकायला फुप्पी नाही. तिची कैची आमच्या घरात आहे, माझी पत्नी त्यानं दुधाच्या पिशव्या कापते. धार अजून चांगली आहे. आठवी कथा निम्मी झाली आहे. पहाटे ती मी हळू आवाजात दखनीत म्हणून बघतो, आणि निदान दोन जागी अडखळतो.